शहरातल्या गर्दीत स्पीड लिमिटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्टिअरिंगवर इतकी बटणं असतात की गाडी विकायची वेळ आली तरी त्यातली निम्मी कोणी दाबलेली नसतात. स्पीड लिमिटरचं बटण बहुधा त्या निम्म्यांतलं. 'ते हायवेसाठी असतं' असं म्हणून लोक सोडून देतात. माझं मत उलट आहे. हायवेला क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप धरून ठेवणारी सोय, पुरतो. लिमिटरचा खरा उपयोग दोन सिग्नलांमधल्या त्या अर्ध्या-एक किलोमीटरच्या मोकळ्या पट्ट्यात होतो, जिथे पाय आपोआप दाबला जातो आणि काटा कधी साठीवर गेला ते कळत नाही.

स्पीड लिमिटर म्हणजे नेमकं काय?

तुम्ही एक कमाल वेग ठरवून देता, समजा ताशी ५० किलोमीटर. त्याच्या खाली गाडी नेहमीसारखीच चालते; ॲक्सिलरेटर, ब्रेक, गिअर सगळं तुमच्याकडेच. पन्नासला पोचल्यावर मात्र ॲक्सिलरेटर आणखी दाबला तरी वेग वाढत नाही. काम एवढंच. पुढे गाडी आली म्हणून लिमिटर थांबत नाही, माणूस आडवा आला म्हणून ब्रेक मारत नाही. आकडा तुम्ही द्यायचा आणि रस्ता बदलला की तुम्हीच बदलायचा, म्हणून त्याला 'ॲडजस्टेबल' म्हणतात.

क्रूझ कंट्रोल आणि लिमिटर यांत फरक काय? बटणं तर तीच दिसतात.

बऱ्याच गाड्यांत बटणं खरंच तीच असतात, आणि घोळ तिथेच होतो. एका बटणाने दोन्हींतलं एक निवडायचं आणि मग 'सेट', अधिक-उणे, 'कॅन्सल' ही बाकीची बटणं दोघांनाही लागू. निवड चुकली की गाडी अपेक्षेच्या अगदी उलट वागते. म्हणून डॅशबोर्डवर काय दिसतंय ते बघा. लिमिटर लागलेला असेल तर साधारणपणे 'लिम' अशी अक्षरं किंवा स्पीडोमीटरचं वेगळं चिन्ह दिसतं.

क्रूझ कंट्रोल वेग कमी होऊ देत नाही, लिमिटर वाढू देत नाही. क्रूझवर तुम्ही ॲक्सिलरेटरवरून पाय काढून बसता. लिमिटरमध्ये पाय पेडलवरच असतो, आणि उचललात की गाडी मंदावते. तिसरा फरक शहरासाठी सगळ्यांत महत्त्वाचा: ब्रेकला पाय लागला की क्रूझ सुटतो, लिमिटर मात्र बहुतेक गाड्यांत लागलेलाच राहतो. दर दोन मिनिटांनी ब्रेक मारणाऱ्याला क्रूझ निरुपयोगी असतो, लिमिटरला ब्रेकचं काही वाटत नाही.

जाता जाता: क्रूझ कंट्रोलचा शोध लावणारे अमेरिकी इंजिनिअर राल्फ टीटर लहानपणापासून अंध होते. त्यांना १९५० साली पेटंट मिळालं आणि १९५८ च्या क्रायसलर इम्पीरियलमध्ये ती सोय आली. स्पीडोमीटर कधीच न पाहिलेल्या माणसाला वेग स्थिर ठेवायचं सुचावं, याचं मला नेहमी नवल वाटतं.

आतून हे चालतं कसं?

आजच्या गाड्यांत ॲक्सिलरेटरचं पेडल इंजिनला तारेने जोडलेलं नसतं. पेडलखाली एक सेन्सर असतो. पाय किती दाबलाय ते तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो, आणि इंजिनला हवा-इंधन किती द्यायचं, किंवा मोटरला करंट किती द्यायचा, ते कॉम्प्युटर ठरवतो. म्हणजे तुम्ही पेडल दाबता तेव्हा खरं तर एक मागणी नोंदवता.

लिमिटर त्या मागणीशेजारी दुसरा आकडा ठेवतो: ठरवलेला वेग टिकवायला किती ताकद पुरेल तो. या दोन्हींत जो लहान, तो मंजूर होतो. म्हणून मर्यादेला पोचताना धक्का बसत नाही, ब्रेक लागल्यासारखं वाटत नाही. गाडी फक्त पुढचं ऐकत नाही. पहिल्यांदा वापरला तेव्हा मला वाटलं गाडीत बिघाड झाला, आणि मी ती चक्क बाजूला घेतली होती.

शहरात वेग घेताच येत नाही, मग लिमिटर कशाला?

सरासरी वेग कमी असतो हे खरं, पण सरासरीच्या वेगाने कोणी गाडी चालवत नाही. गाडी शून्यावर उभी असते किंवा मोकळी जागा दिसली की सुटते. सिग्नल सुटल्यावरच्या रिकाम्या पट्ट्यात, उड्डाणपुलावर, रात्री उशिरा ओस पडलेल्या रुंद रस्त्यावर पन्नासचे साठ होताना अंगाला काहीच कळत नाही. आताच्या गाड्या इतक्या शांत आहेत की आवाजावरूनही अंदाज येत नाही.

आता हिशोब करू. कोरडा रस्ता, चांगले ब्रेक, आणि धोका दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत एक सेकंद, असं धरा. ताशी ५० ला त्या एका सेकंदात गाडी जवळजवळ १४ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी तेवढंच अंतर जाऊन थांबते. एकूण सुमारे २८ मीटर. ताशी ६० ला पहिल्या सेकंदातच १७ मीटर जातात आणि एकूण ३६-३७ मीटर लागतात. आठ-नऊ मीटरचा फरक ऐकायला फार वाटत नाही. पण पन्नासवाली गाडी जिथे थांबली, तिथे साठवाली अजून धावत असते. किती वेगाने? ताशी सुमारे ४०. पन्नासवाल्याच्या बंपरपुढे जो माणूस हातभर अंतराने वाचला, त्याला साठवाला चाळीसच्या वेगाने धडकतो.

दुसरी गोष्ट नजरेची. मर्यादा पाळणारा चालक सतत खाली स्पीडोमीटरकडे बघतो, आणि ताशी ५० ला एक सेकंद खाली बघणं म्हणजे १४ मीटर न बघता चालवणं. शहरात तेवढ्यात रिक्षा वळते, दार उघडतं, शाळेची पोरं पळतात. लिमिटर तुमच्याकडून एकच काम काढून घेतो, काट्यावर पहारा ठेवण्याचं. ती नजर रस्त्यावर परत मिळते. माझ्या लेखी लिमिटरचं सगळं मोल या एका गोष्टीत आहे. दंड वाचतो तो नफ्यात.

पण पोचायला उशीर होईल ना?

एक किलोमीटर न थांबता ताशी ६० ने गेलात तर ६० सेकंद लागतात, ५० ने ७२. वाचले बारा सेकंद, आणि तेही पुढचा सिग्नल हिरवा मिळाला तरच. लाल मिळाला तर ते बारा सेकंद तुम्ही थांबा-रेषेवर उभे राहून घालवता, आणि मागून पन्नासने येणारा शेजारी येऊन उभा राहतो. हा अनुभव प्रत्येकाला आहे. पटत मात्र कोणाला नाही.

कोणता आकडा लावायचा?

रस्त्यावरच्या पाटीचा. पण एक बारकावा माहीत असू द्या. बहुतेक गाड्यांत लिमिटर स्पीडोमीटरवर दिसणारा वेग धरतो, आणि स्पीडोमीटर मुद्दामच थोडा जास्त दाखवतो. संयुक्त राष्ट्रांच्या वाहनविषयक नियमांतल्या ३९ क्रमांकाच्या नियमानुसार स्पीडोमीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवायची मुभा खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटर इतकी आहे. म्हणून पन्नास लावल्यावर मोबाइलच्या नकाशात सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस दिसले तर गाडी बिघडलेली नाही. मात्र मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले असतील तर हे गणित उलटं होऊ शकतं: काटा पन्नास दाखवतो आणि गाडी त्याहून जोरात पळते.

अनेक गाड्यांत ताशी ३० च्या खाली आकडा लावता येत नाही. गल्लीबोळात, पार्किंगमध्ये तुमचा पायच लिमिटर.

आणि दर चौकाला आकडा बदलत बसू नका. रोजच्या वाटेवर दोन-तीन मर्यादा असतात, त्या बदलतात तिथेच बटण दाबा. एकदा दाबलं की एक किलोमीटरने बदल आणि धरून ठेवलं की पाच किंवा दहाची उडी, अशी सोय बऱ्याच गाड्यांत असते. धावत्या गाडीत बटणांशी खेळण्यात नजर गेली तर वर वाचवलेली सगळी खर्च झाली.

चालू गाडीत आकडा कमी केला तर गाडी लगेच हळू होते का?

बहुतेक गाड्यांत नाही. पन्नासने जाताना तीस लावलंत तर इंजिनची ताकद काढून घेतली जाते आणि गाडी घरंगळत मंदावते, ब्रेक कोणी मारत नाही. शाळेचा पट्टा सुरू होतोय तर आधी ब्रेक मारा, मग आकडा बदला.

उतारावर काय होतं?

लिमिटर ताकद रोखू शकतो, पृथ्वीला नाही. उड्डाणपुलावरून उतरताना गाडी ठरवलेल्या वेगाच्या पुढे जाऊ शकते. त्या वेळी आकडा लुकलुकतो किंवा बीप वाजतो. काही गाड्या अशा वेळी हलका ब्रेक स्वतः लावतात, पण तुमची लावते की नाही ते मॅन्युअल पुस्तिकेत बघा, उतारावर प्रयोग करून नको. इंजिनच्या गाडीत खालचा गिअर टाकला की काम भागतं. इलेक्ट्रिक गाडीत मोटरच उलटी राबून बॅटरी भरते आणि गाडीला मागे खेचते, त्यामुळे बऱ्याचदा उतारावरही आकडा बरा सांभाळला जातो. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर तेवढा नाही.

मॅन्युअल गिअरच्या गाडीत चालतो का?

चालतो, पण गिअर तुम्हीच बदलायचा असल्याने थोडं भान लागतं. तीस लावलंय आणि चौथा गिअर पडलाय, अशा वेळी इंजिन घरघरतं आणि गाडी गचके देते. तीस-चाळीसला दुसरा-तिसरा गिअर बरा. क्लच दाबल्याने लिमिटर सुटत नाही.

अचानक वेग घ्यायची वेळ आली तर मी अडकणार का?

नाही. सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि भीती रास्त आहे.

पेडल तळापर्यंत जोरात दाबा. शेवटी थोडा अडथळा किंवा 'टक्' असं जाणवतं, त्यापलीकडे पाय गेला की लिमिटर तात्पुरता बाजूला होतो आणि गाडी पूर्ण ताकदीने सुटते. याला किकडाउन म्हणतात. वेग पुन्हा ठरवलेल्या आकड्याखाली आला की बहुतेक गाड्यांत लिमिटर आपोआप परत लागू होतो. ही निर्मात्यांची मेहेरबानी नाही. अशा लिमिटरसाठी असलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या ८९ क्रमांकाच्या नियमातच आहे की चालकाला ठरवलेला वेग ओलांडणं कायम शक्य असलं पाहिजे, पण त्यासाठी त्याने जाणूनबुजून काहीतरी करावं लागलं पाहिजे.

अडचण असते ती वेगळी. लिमिटर लावलाय हे विसरून माणूस शहराबाहेर पडतो, हायवेवर शिरताना मागून ट्रक येत असतो, पेडल अर्धं दाबलं जातं आणि गाडी ढिम्म. त्या क्षणी डोकं 'गाडी बंद पडली' म्हणतं आणि पाय उलट सैल होतो. म्हणून किकडाउन कुठे लागतो ते मोकळ्या रस्त्यावर दोन-तीनदा पायाला शिकवून ठेवा. हायवेला लागण्याआधी लिमिटर बंद करायची सवय त्याहून चांगली.

घाईत ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला गेला तर लिमिटर वाचवेल का?

नाही, आणि हे नीट समजून घ्या. घाबरलेला माणूस पेडल तळापर्यंतच दाबतो. गाडीच्या दृष्टीने ते किकडाउन. तिला वाटतं तुम्हाला वेग हवाय, आणि ती देते. एखाद्याच्या वयस्कर वडिलांसाठी 'लिमिटर लावून ठेवलाय, आता काळजी नाही' असं कोणी म्हणालं तर त्यांना हे आधी सांगा.

बंद करताना गाडी उसळते. का?

पेडल बरंच दाबलेलं असतं आणि मागणी अडवून ठेवलेली असते. 'कॅन्सल' दाबताच ती मंजूर होते. पाय आधी सैल करा, मग बटण दाबा. मुळात लिमिटर लागला म्हणून पाय दाबून ठेवायची सवयच वाईट. आकड्याला पोचण्यापुरता दाबावा, बास.

मागचे हॉर्न वाजवतात.

वाजवू द्या. पाटीवरच्या मर्यादेने, डाव्या लेनमधून जात असाल तर ती त्यांची अडचण आहे. उजव्या लेनमध्ये लिमिटर लावून ठाण मांडलं असेल तर मात्र तुमची.

ट्रॅफिक जाममध्ये काही उपयोग?

शून्य. ताशी दहाने सरकणाऱ्या रांगेत पन्नासचं छत काय कामाचं? तिथे पुढच्या गाडीप्रमाणे थांबणारा आणि निघणारा ॲडॅप्टिव्ह क्रूझ लागतो. ते वेगळं यंत्र, वेगळी किंमत.

इंधन वाचतं का?

थोडं. शहरात इंधन मुख्यतः पुन्हा पुन्हा वेग घेण्यात जातं, आणि साठऐवजी पन्नासपर्यंतच वेग घेतला तर पुढच्या सिग्नलला ब्रेकमध्ये उष्णता होऊन वाया जाणारी ऊर्जाही कमी होते. साठच्या वेगाने धावणाऱ्या गाडीत पन्नासच्या तुलनेत ४४ टक्के जास्त गतिज ऊर्जा असते. पण पाय आदळून गाडी चालवणाऱ्याला लिमिटर काटकसरी बनवत नाही. तो पन्नासपर्यंत तेवढ्याच जोरात पोचतो.

पाट्या वाचून आपोआप वेग धरणारा प्रकार हाच का?

त्याचा पुढचा भाऊ. त्याला इंटेलिजंट स्पीड असिस्टन्स म्हणतात. कॅमेरा पाट्या वाचतो, जोडीला नकाशातली माहिती असते, आणि मर्यादा ओलांडलीत तर गाडी आवाजाने, पेडलच्या थरथरीने किंवा ताकद कमी करून सुचवते. युरोपीय संघात जुलै २०२२ पासून नव्या मॉडेलांना आणि जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या गाड्यांना ही सोय सक्तीची आहे. चालक ती ओलांडू शकतो, बंदही करू शकतो, पण गाडी पुन्हा सुरू केली की ती परत चालू झालेली असते. साध्या लिमिटरचं उलट: गाडी बंद केली की तो सहसा सुटतो, दर वेळी आपणच लावायचा.

शहरात पाटी वाचणारी यंत्रं चुकतात. शेजारच्या सर्व्हिस रोडची पाटी मुख्य रस्त्याची समजतात, झाडाआडची बघत नाहीत, काम संपूनही राहिलेली तात्पुरती पाटी खरी मानतात. त्यामुळे आकडा स्वतः द्यायचा साधा लिमिटर मला अजून जास्त भरवशाचा वाटतो. चूक झालीच तर ती कोणाची, हे तरी नक्की असतं.

ट्रक-बसमधला स्पीड गव्हर्नर म्हणजे हाच?

नाही. तो कायमचा बांधलेला असतो, चालकाला बदलता येऊ नये म्हणून सीलबंद. कंपन्या कारलाही असं कायमचं छत घालतात: व्होल्वोने २०२० पासून आपल्या नव्या गाड्यांचा कमाल वेग ताशी १८० वर बांधला. शहराच्या दृष्टीने त्याला अर्थ नाही.

शहरासाठी गाड्यांचा वेग यंत्रानेच बांधावा ही कल्पना मात्र फार जुनी आहे. १९२३ साली अमेरिकेतल्या सिनसिनाटीत ४२,००० हून जास्त नागरिकांनी एका अर्जावर सह्या केल्या: शहरातल्या प्रत्येक मोटारीला गव्हर्नर बसवा आणि ताशी २५ मैलांच्या, म्हणजे सुमारे ४० किलोमीटरच्या वर ती जाऊच देऊ नका. मोटार विक्रेते आणि मोटारमालक खवळून उठले, जोरदार प्रचार झाला आणि मतदानात प्रस्ताव आपटला. शंभर वर्षांनी तेच यंत्र गाडीत फुकट मिळतंय, आणि आपण बटण दाबत नाही.

लिमिटर लावला होता, तरी दंड झाला. तक्रार करता येईल का?

आकडा तुम्ही दिला, जबाबदारी तुमची. उतारावर वेग ओलांडला गेला, पाटी बदलली आणि तुम्ही बदल केला नाही, हे सगळं चालकाच्याच खात्यात जमा होतं.

जुन्या गाडीत बाहेरून बसवून घेता येईल का?

काही मॉडेलांत यंत्रणा आतून असते, फक्त बटणांची पट्टी नसते. तिथे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये विचारणं योग्य. पण ॲक्सिलरेटर तारेचा असेल, किंवा कोणी पेडलच्या वायरिंगमध्ये डबी जोडून देतो म्हणत असेल, तर हात जोडा. जी वायर पायाचा निरोप इंजिनला पोचवते, तिच्यात जोडकाम करून घ्यायचं नसतं. मोबाइलवरचं वेगाची मर्यादा ओलांडली की बोलणारं ॲप लावा, निम्मं काम होतं.

सवय लागायला किती दिवस?

आठवडाभर. पहिल्या दिवशी रविवारी सकाळी रिकामा रस्ता गाठा. चाळीस लावा, पाय दाबून छत कसं लागतं ते बघा. पाय सैल करून बंद करा. पुन्हा लावा, किकडाउन करा, वेग खाली आल्यावर लिमिटर आपोआप परत लागतो का ते तपासा. ब्रेक मारून आकडा टिकतो का बघा. मग बटणांकडे न बघता अंगठ्याने पाचने वाढवा, पाचने कमी करा. अंगठ्याला वाट सापडली की सोमवारच्या गर्दीत उतरायला हरकत नाही.